वेगळ्या थैलीतलं पत्र

आणीबाणीत मी लोणावळ्याच्या पोस्टात टपाल लावायच्या टेबलावर होते. एका दुपारी पुण्याहून साध्या कपड्यांतला एक माणूस आला. पोस्टमास्तरांच्या खोलीत बसून त्याने मला सहा-सात पत्ते लिहून दिले. या पत्त्यांवर येणारी आणि तिथून निघणारी पत्रं वेगळ्या थैलीत घालायची. थैली पुण्याला जाईल, परत आली की आपला शिक्का मारून पत्रं वाटायची. लेखी हुकूम मी मागितला नाही. पोस्टमास्तरांनीही मागितला नाही.

यादीत जवळच्या औंढ्याची एक म्हातारी होती. तिचा मुलगा मुंबईत गिरणीत कामाला होता आणि युनियनचं काम करायचा, एवढंच कारण. म्हातारीला वाचता येत नव्हतं. मुलाचं पत्र वाचून दाखवणं आणि उत्तर लिहून देणं, दोन्ही औंढ्याचा पोस्टमनच करायचा. सायकल भिंतीला टेकवून तो ओट्यावर बसायचा आणि मजकुराच्या आधी शिक्के वाचायचा. मुंबईत कोणत्या तारखेला पडलं, लोणावळ्यात कोणत्या तारखेला आलं, मग पत्र. गावातल्या बायकांना त्याची सवय झाली होती. पोरगं हे बोलून किती दिवस झाले ते त्यांना त्यावरून कळायचं.

मुंबईचं पत्र एरवी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायचं. म्हातारीला ती आता दहा-दहा दिवसांनी मिळायला लागली. आमच्या शिक्क्याची तारीख माझ्या हातात होती, मुंबईच्या शिक्क्याची नव्हती, त्यामुळे मधले दिवस दिसायचे. म्हातारीने पोस्टमनला विचारलं आणि पोस्टमनने मला.

"भाऊ, नुसता मजकूर वाचत जा," मी म्हटलं. "शिक्के वाचायचा पगार मिळत नाही तुम्हाला."

"मजकुराचा तरी कुटं मिळतो, बाई? शिक्का बी लिवलेलाच हाय की. तेवढाच कसा गाळू?"

मी गाड्यांच्या उशिराचं काहीतरी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. वीस वर्षं टपाल हाताळलेला माणूस होता. त्याच तारखेची दुसऱ्यांची पत्रं तो वेळेवर वाटत होता, आणि म्हातारीच्या पत्राच्या कडेला पुन्हा चिकटवल्याची नवी खळ हाताला लागत होती. त्याला औंढ्यावरून काढून दुसरीकडे द्या, असं मी पोस्टमास्तरांना सुचवू शकले असते. पण पावसाळ्यात औंढ्याला जायला दुसरं कुणी तयार नसायचं. मी तो विषय काढलाच नाही.

त्याने म्हातारीला सरळ सांगून टाकलं की तुझी पत्रं सरकार आधी वाचतं. ती म्हणाली म्हणे, वाचंना का, भात लावलं का आन म्हस याली का, ह्यात सरकारला काय कळायचंय? ओट्यावरच्या बायका हसल्या. गोष्ट तिथेच संपली असती. पण मुलाला हे कळायला पाहिजे, असं त्याने मनात घेतलं.

चार दिवसांनी पेटीतल्या टपालात मला एक अंतर्देशीय पत्र दिसलं. अक्षर त्याचं. वर मुंबईचा पत्ता, मागे पाठवणारी म्हणून म्हातारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळं खात्याच्या पद्धतीने नीट. औंढ्याची माणसं रोज मुंबईला जात-येत होती. कुणाकडूनही तोंडी निरोप देता आला असता. पण पोस्टात टाकलं की पोचतं, हे तो वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आला होता. दुसरा मार्ग त्याच्या डोक्यात आलाच नाही.

आत काय असणार ते मला कळलं. टेबलाशी मी एकटीच होते. माझ्या नवऱ्याची नोकरी त्या वर्षी सुटली होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. मी पत्र थैलीत टाकलं.

पुण्याचा माणूस परत आला आणि त्याने ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. "तुझी पत्रं फोडून वाचतात. जपून लिही," एवढंच होतं. अक्षर कुणाचं, असं विचारलं. मी सांगितलं आणि जबाबावर सही केली. पोस्टमनला चार दिवस ठाण्यावर बसवून ठेवलं, मग कामावरून काढलं. तो खात्याच्या कायम नोकरीत नव्हता, त्यामुळे काढायला एक कागद पुरला. मुलालाही मुंबईत उचलल्याचं नंतर कळलं. म्हातारीच्या नावाने पुन्हा पत्र आलं नाही.

आणीबाणी उठल्यावर कामावर परत घ्यावं म्हणून पोस्टमनने अर्ज केला. तुमचा जबाब कायम आहे का, अशी मला वरून विचारणा आली. अक्षर त्याचंच होतं. कायम आहे, असं मी लिहिलं आणि अर्ज निकाली निघाला.

पुढे तो मळवलीला एका बंगल्याची राखण करायचा. एकदा मी तिकडून जाताना कुंपण छाटत होता. मला पाहून थांबला.

"पेटीतनं काढलं तवाच अक्षर वळखलं आसंल तुमी."

"ओळखलं होतं."

"मंग माझं मला परत द्यायचं व्हतं. फाडून टाकलं आसतं."

पेटीत पडलेलं पत्र आपल्याला असं परत देता येत नाही, मी म्हटलं. नियम तोच होता, आणि त्याला माझ्याइतकाच पाठ होता. त्याने कात्रीत अडकलेली डहाळी काढून टाकली.

"व्हय," तो म्हणाला, "त्ये बी खरंच."

आणि पुन्हा कुंपण छाटायला लागला.