वकीलसाहेबांचं फाटक

माझ्या काकाला ज्यांनी फाटक उघडलं नाही, त्यांच्या घरचा चहा पप्पा मरेपर्यंत प्यायले.

आज पप्पांचा स्मृतिदिन. मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या, आठवणी माझ्या.

पप्पा चर्चचे पाळक. हैदराबादेत, चिक्कडपल्लीत वकीलसाहेबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो.

निजामाच्या राज्यातले, पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस होते. गावाकडे जाळपोळ सुरू झाली म्हणून पप्पांचा धाकटा भाऊ, वसंतकाका, आमच्याकडे पळून आला. दिवेलागणीला फाटकाशी पोचला.

फाटकाची किल्ली वकीलसाहेबांकडे. पप्पा चर्चमध्ये, आसऱ्याला आलेल्या लोकांपाशी. मम्मीला अन् मला मागे काही ऐकूच आलं नाही.

काका हाका मारत राहिला. गल्लीतच एका टोळक्याने त्याला गाठलं.

तो वाचला नाही.

हैदराबाद हिंदुस्थानात सामील झालं. शहर शांत झालं, पप्पा झाले नाहीत. वकीलसाहेब दिसले की मान फिरवायचे.

आणि रविवारी चर्चमध्ये पुलपिटवरून बायबलातल्या योसेफाची गोष्ट सांगायचे. ज्या भावांनी विकलं, त्यांनाच त्याने दुष्काळात कसं जगवलं, ती.

मम्मी एकदा म्हणाली, "छान सांगता हो."

पप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

मग प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर वाटून खायचा रविवार आला. आमच्यात रीत अशी, की मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी समेट, मगच भाकर. पप्पांनी मेजावरचं पांढरं फडकं उचललं आणि पुन्हा झाकलं. मंडळीला म्हणाले, थांबा, मी येतो. माझा हात धरला अन् तडक घरी निघाले.

वकीलसाहेब ओसरीवर पेपर वाचत होते.

"तुमच्याशी बोलल्याशिवाय मला भाकर मोडता येत नाही," पप्पा म्हणाले.

वकीलसाहेबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पाळकसाहेब, मी आवाज ओळखला होता. भ्यालो."

पप्पा पायरीवर बसले आणि रडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"माफ केलं तुम्हाला," म्हणाले. "आता थोडं पाणी द्या."

आम्ही ख्रिस्ती, म्हणून आमच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला कोनाड्यातच राहिला. वकीलसाहेबांनी स्वतःच्या पेल्यातून पाणी आणलं.

चर्चमध्ये सगळे थांबलेले. पप्पा मेजापाशी उभे राहिले. "वसंताचं मरण देवाने योजलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यातूनही देव कुणाला तरी वाचवेल, यावर माझा विश्वास आहे."

मग त्यांनी भाकर मोडली.

मला काही ते पटलं नव्हतं. काका तर गेलाच होता ना.

बऱ्याच वर्षांनी शहरात पुन्हा दंगल पेटली, कर्फ्यू लागला. संध्याकाळी कुणीतरी फाटक ठोकायला लागलं. अनोळखी आवाज. "खोलो साब, खोलो."

वकीलसाहेब तेव्हा काठी टेकत चालायचे. आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांनी त्या माणसाला आत घेतलंसुद्धा होतं, अन् आतून कडी लावत होते.

पप्पा माझ्याशेजारी उभे होते. हळूच म्हणाले, "वसंता आला बघ आत."

पप्पा, त्या संध्याकाळी मला पटलं. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आज इथे सांगते.

थँक यू, पप्पा. तुमच्या लेकीचा सलाम.