व्हॉल्व्हकाकांचं बिनमातीचं लेट्यूस

लग्नानंतर बायकोच्या मावशीकडे पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिच्या यजमानांनी माझी जी झडती घेतली तशी सराईत तस्करांचीही कोणी घेत नसेल. दारातच बूट काढायला लावले. कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग माझी कॉलर उलटी करून, चष्मा कपाळावर चढवून तिच्यात डोकावले आणि म्हणाले, "घरी कुंड्या आहेत?"

"दोन आहेत," मी बोलून गेलो.

"मग मागच्या खोलीत पाय टाकायचा नाही. कुंडीतल्या माश्या कपड्यांवर बसून येतात."

मी नवा जावई! मला दरवाजाच्या फटीतून लेट्यूस दाखवण्यात आलं.

गृहस्थ पाणी खात्यात व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, कधी तोडायचं, हे त्यांच्या हातात. पाणी सोडताना कोणी आभार मानले नाहीत. तोडताना मात्र बायाबापड्यांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. म्हणून ते व्हॉल्व्हकाका. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत ट्रे मांडले. ट्रेमध्ये खडे, खड्यांत रोपं, खाली पाण्याची टाकी. टायमर लागला की पंप पाणी वर चढवी. पंप बंद झाला की तेच पाणी नळीवाटे खाली उतरे.

पहिलं पीक बारीक काळ्या माश्यांच्या अळ्यांनी खाल्लं. दुसरं बुरशीनं. तिसऱ्याच्या वेळी मावशी म्हणाली, "हेही गेलं तर खोली माझी. माझं शिलाई मशीन पलंगाखाली कुढतंय."

काकांनी कंबर कसली. ट्रे ब्लीचच्या पाण्यानं घासले, मग खळखळून धुतले. टाकीत उजेड शिरून शेवाळ धरू नये म्हणून काळं झाकण बसवलं. माश्यांसाठी पिवळे चिकट कागद टांगले. पहिला बळी म्हणून एका कागदाला काकांचीच मिशी चिकटली. दमट हवा कोंडू नये म्हणून दिवसभर पंखा. एखादं पान पिवळं पडलं की ते लगेच घराबाहेर.

तरीही एका सकाळी रोपांनी माना टाकल्या.

मावशीनं खड्यांत बोट खुपसलं. "अहो, पंप बंद होऊन किती वेळ झाला! मग इथे पाणी कसं?"

काका छताकडे बघू लागले. मावशीनं उतरत्या नळीच्या तोंडात हात घातला आणि एक मोजा ओढून काढला. काकांचा. तपकिरी.

"जगाच्या कॉलरी तपासता, आणि हे काय?"

"थोडं राहू दे म्हटलं पाणी," काका पुटपुटले. "जन्मभर लोकांचं तोडत आलो. आता यांचंही तोडायचं? बघवत नाही गं, भर्रकन निघून जातं."

"निघून जाऊ दे की! पाणी उतरल्याशिवाय मुळांना हवा कशी मिळणार? गुदमरली बिचारी. कुजली म्हणून तर बुरशी आली." तिनं एक रोप उपटून त्यांच्या नाकाशी धरलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. मोजाही त्याच रंगाचा, वासातही फारसा फरक नव्हता.

काकांनी मोजा पिळून दोरीवर वाळत घातला.

सगळं पीक फेकावं लागलं. शिलाई मशीन मागच्या खोलीत आलं. ट्रे मावशीनं ठेवून घेतले, आणि आता लेट्यूस छान येतं. काकांना खोलीत जायची परवानगी नाही.