चार दुकानांचा मालक, माझा दादा

मेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात.
मी आज देणार हाय.

दादाला जाऊन आज वर्ष झालं. सुनीलदादा. माझा सख्खा थोरला भाऊ.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्याचाच फोटो. "देवमाणूस." "दिलदार उद्योजक." "असा भाऊ होणे नाही."
मी इकडं मस्कतला जेसीबीच्या केबिनमध्ये बसून वाचतोय.
उद्योजक म्हणं.

नेसरीत आईचा चटणीचा डंक व्हता, मिरची कुटायचं मशीन. एकच. अण्णा, आमचं वडील, गेल्यावर तिनं टाकलेला. लोक मिरच्या आणि मसाला घेऊन यायची, आई भाजून, कुटून वर्षाची चटणी करून द्यायची. उन्हाळ्यात रांग लागायची. पाऊस पडला की दुकान झोपायचं.
त्या एका मशीनवर ताई, दादा, मी, तिघं वाढलो. मी नववीतनं शाळा सोडली, ती काय आईची चूक न्हाय.

दादाला एकावर समाधान नव्हतं.
दोन हंगामाची शिल्लक घालून त्यानं गडहिंग्लजला दुसरा डंक टाकला. तो चालला. खरंच चालला.
तिथंच घात झाला.
मग त्याला मलकापूर पण पायजे, कबनूर पण पायजे.

बँकेत गेला. साहेब म्हणाला, "तीन वर्षांचं रिटर्न दाखवा."
दादा म्हणाला, "साहेब, चटणी घरात गेली की रिटर्न येत न्हाय."
हा किस्सा त्यानं गावभर सांगितला. कर्ज मिळालं न्हाय, ते मात्र कुणाला सांगितलं न्हाय.

मग डोकं लावलं. पावण्यांचा पैसा.

कागद न्हाय, स्टॅम्प न्हाय. जो पैसे घालंल त्याचा हा मोठा फोटो दुकानाच्या बोर्डावर, खाली "मालक" लिहून.
मलकापूरला मामा मालक. कबनूरला ताईचा नवरा, आमचं दाजी, मालक.
फोटो लागतोय म्हटल्यावर पावण्यांनी बायकांचे सोन्याचे डाग मोडले. बँकेला जे जमलं न्हाय ते फ्लेक्सवाल्यानं केलं.

आई म्हणाली, "सुन्या, डंक चार महिनं चालतोय, भाडं बारा महिनं लागतंय. ह्यांना कुठनं पोसणार?"
"आई, बँक व्याज खाती. पावणा लई तर जेवंल."
"जेवू दे की. हात कुठं पुसतोय तेवढं बघ."

दादा हसला. तो कायम हसायचा. मला त्या हसण्याचाच राग हाय.

मामा, तुम्ही पण हे वाचताय. वाचा.
मलकापूरच्या दुकानात एक दिवस तरी मिरची भाजली का? खुर्ची टाकून स्वतःच्या फोटोखाली बसला. निम्म्या गावाची चटणी फुकटात कुटून दिली. भाजणारी बाई गिऱ्हाइकाला पैसे मागायला लागली की तुम्ही ओरडायचा, "अगं, मालकाचा पावणा हाय त्यो! त्याच्याकडनं काय घेतीस?"

दादा तुम्हाला एक शब्द बोलला न्हाय. कसा बोलणार? मालक त्यानंच केलंवतं.

पाऊस लागला. चारी डंक थंड. भाडी चालूच.
तवा ह्या दिलदार उद्योजकानं आईचं नेसरीचं दुकान पतसंस्थेत तारण ठेवलं.

मला फोनवर म्हणाला, "अरे, एक हंगाम काढू दे. सोडवतो की."
मी म्हणलं, "कबनूर बंद कर. मलकापूर बंद कर. आईचं तेवढं ठेव."
"बंद केलं तर पावणं काय म्हणतील?"

हे त्याचं शेवटचं मोठं वाक्य. पावणं काय म्हणतील.

हंगाम यायच्या आधीच गेला. मलकापूरला पोतं उचलताना छातीत कळ आली, तिथंच बसला.
मामा खुर्चीतच व्हता.

मला रजा मिळाली न्हाय. रक्षाविसर्जन ताईनं मोबाईलवरनं लावलेल्या व्हिडिओ कॉलवर बघितलं.
सगळी घरी आल्यावर कडू घास. दुःखाच्या घरात चूल पेटत न्हाय, पावणं भाकरी घेऊन येत्यात, पहिला घास भरवत्यात. आईला दाजींनी भरवला.
ती तो घास चावतच व्हती, तवर दाजी म्हणालं, "आई, जागा तर पतसंस्था नेणार. डंक मी नेतो. माझ्या पैशात धरा."
पाना बरोबरच आणलावता. भाकरीच्याच पिशवीतनं.

आई म्हणाली, "आधी हात धुवा पावणं. लोखंडाला उष्टं लागंल."

ताईनं मोबाईल पालथा ठेवला. मग बंदच झाला.

जागा पतसंस्थेनं विकली. गडहिंग्लजचं दुकान थकलेल्या भाड्यात गेलं. आता आई दुसऱ्याच्या डंकावर रोजानं मिरची भाजायला जाते. जुनी गिऱ्हाइकं तिला हुडकत तिथं येत्यात. मालक खूश.
परवा तिला म्हणाला, "मावशी, तुमच्या जिवावर आता दुसरं दुकान टाकावं म्हणतोय."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"
"मी काय म्हणणार? इचारलं, मालक, तुमच्या आईच्या नावावर काय काय हाय?"

सांगून हसली पण.

दादा, तुझ्याएवढा राबणारा माणूस मी इथं परदेशात पण बघितला न्हाय. चार गावं एका मोटरसायकलवर. त्यातल्या एका दिवशी तरी मामाला "ऊठ" म्हणायचास.

आई तुला शिव्या देत न्हाय. कुणीतरी द्यायला पायजे व्हत्या, म्हणून मी दिल्या.

जा आता. आईला मी बघतो.
श्रद्धांजली घे. भावपूर्ण का काय ते मला कळत न्हाय. सध्या राग हाय, तेवढाच पाठवतोय.