रस्त्याकडचा कूलर

अंबाजोगाईत बसस्टँडाच्या रस्त्यावर गुंडप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि वर घर. शेजारी माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मधे एकच भिंत, आणि आप्पांचा आवाज तिला जुमानत नसे. सकाळी लिंगपूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून ते खाली उतरले की पहिला उद्धार नोकराचा व्हायचा, दुसरा घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाचा आणि दुपारी जेवायला वर गेले की बायकोचा. भाकरी जाड झाली, आमटी पातळ झाली. मनात काही नसायचं म्हणतात. पण ऐकणाऱ्याला मन थोडंच दिसतं? मला त्यांचा कधी कधी भयंकर राग यायचा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. बाजार मोकळा झाला असं पेपरात येत होतं. आम्हाला तो रस्त्यावर दिसला. ट्रक वाढले, उसाचे ट्रॅक्टर वाढले, आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपा तर आमच्या दारातच उभ्या राहून माणसं भरू लागल्या. धंदाही वाढला, खोटं कशाला बोलू. आप्पांनी मोठा पत्र्याचा कूलर घेतला.

तो कुठं बसवायचा यावरून वर वाजलं. जगदेवीवहिनी म्हणाल्या, "आवो, मागच्या खिडकीला लावा की. तिकडं सावली हाय."

"मागं कोन बघतंय?" आप्पा कडाडले. "बोरीच्या झाडाला वारा घालायचाय का?"

कूलर रस्त्याकडच्या खिडकीत लोखंडी घोडीवर बसला. येणारा-जाणारा मान वर करून बघायचा आणि आप्पा गल्ल्यावर बसून त्या माना मोजायचे. उन्हाळ्यात पाण्याचा वारा, एरवी नुसता पंखा. वहिनींचा पलंग बरोबर त्याच्यासमोर. बायकोला गार वारा लागावा ही त्यांची खरीच इच्छा होती, हे मला मान्य केलं पाहिजे.

वर्षभरात वहिनींचं डोकं धरायला लागलं. तपासलं तर बीपी एकशेसत्तर. गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं, लोणचं-पापड बंद झालं. तरी आकडा हलेना. आणि वहिनी पंधरा दिवस माहेरी, धर्मापुरीला गेल्या की तोच आकडा खाली यायचा. गोळ्या त्याच, मीठही तितकंच. परत आल्या की पुन्हा वर.

एका दुपारी आप्पा माझ्या दुकानात येऊन बसले. आवाज इतका बारीक की मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

"शहादेव, म्या लई इचार केला. तितं समदं हाय, फकस्त मी न्हाई. मंजी रोग मीच की."

या माणसाला इतकी वर्षं जे कुणी सांगू शकलं नव्हतं ते त्यांनी स्वतःच काढलं होतं. मला आधी बरं वाटलं आणि मग वाईट वाटलं.

त्या दिवसापासून आप्पा गप्प झाले. जाड भाकरी मुकाट खाऊ लागले. झालं उलटंच. वहिनी घाबरल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "बया, ह्यांला काय झालंय? बोलनात कावून?" रात्र रात्र त्यांना झोप लागेना. पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला, आणि आप्पांनी ठरवूनच टाकलं की वहिनींनी आता धर्मापुरीलाच राहायचं, भावाकडं. पिशवी भरली गेली. "म्या काय केलं वो?" म्हणून वहिनी रडल्या. आप्पांनी कारण सांगितलं नाही. असल्या माणसाला शिव्या देता येतात, पण मनातलं सांगता येत नाही.

उन्हाळा तोंडावर होता. वहिनी निघायच्या सकाळी आप्पांनी कूलरचं जुनं गवत बदलायला काढलं. दुःखातसुद्धा हात रिकामा ठेवणारा माणूस नव्हे तो. मीही हात लावला. जाळी उघडली तर आतलं गवत काळंकुट्ट, चिकट, आणि त्याला जीपच्या मागं येतो तसला वास. वहिनी पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन त्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिल्या.

"ह्यातनं आलेला वारा म्या खात व्हते?"

धर्मापुरीची गाडी चुकली. आप्पा ते गवत पेपरात गुंडाळून वहिनींसकट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सावध माणूस. म्हणाले, "धुरानं प्रेशर वाढू शकतं. सगळं त्यानंच वाढलं असं मी म्हणणार नाही. रस्त्याकडची हवा बंद करा, मागची घ्या. गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी कूलर मागं गेला. पुढच्या खिडकीला आप्पांनी आपल्याच ठाणातला मांजरपाट दुहेरी करून ठोकला. रस्त्याचा धूर त्यावर बसायचा. दर आठवड्याला ते स्वतः तो धुवायचे आणि मोरीत काळं पाणी वाहायचं. खालून लोक विचारायचे, "आप्पा, कूलर विकला का?" हे त्यांना किती झोंबायचं ते मी बघितलंय. पण कूलर पुढं आला नाही. बोलणं मात्र तितकंच बेतलेलं राहिलं. धूर गेला तरी दुसरा रोग आपण आहोतच, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

दोनेक महिन्यांनी दोघं तपासणीला गेले. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. "बरंच उतरलंय. पण पूर्ण नाही."

आप्पांचा चेहरा पडला. खाली बघत त्यांनी विचारलं, "मग उरलेलं कशाचं हाय, साहेब?"

डॉक्टर वयाचं, घराण्याचं काहीतरी सांगू लागले. वहिनींनी दंडाचा पट्टा सोडवता सोडवता त्यांना थांबवलं.

"उरलेलं ह्यांचं हाय," त्या म्हणाल्या. "त्येवढं ऱ्हाऊ द्या मला."