उत्तरपूजा न झालेला चेंडू

रविकांत डबीर कुठलंही पुस्तक शेवटाकडून वाचायचे. जेवायला बसून आधी विडा तोंडात टाकावा, तसं. एकदा मी त्यांना ठणकावलं, "काका, त्या लेखकाने चारशे पानं मरमर लिहिलीत, त्याची तरी लाज बाळगा."

"अमेरिकन सॉकरचं पुस्तक आहे बाई हे," ते म्हणाले. "शेवटी लीग कशी बुडाली ते आधी वाचलं, की सुरुवातीला कोण किती नाचून राहिलं त्याची मजा येते."

डबीरकाका मूळचे नागपूरचे. तिथल्या एका कापड गिरणीत सुपरवायझर होते आणि गिरणीच्या फुटबॉल टीमचे सेंटर हाफ. आलेला चेंडू पायाने घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, डोक्यानेच परतवायचे. म्हणून सगळं मैदान त्यांना 'टाळक्या डबीर' म्हणायचं. बायको गेल्यावर ते कॅनडात स्कारबरोला मुलाकडे, पुष्करकडे राहायला आले. मी त्यांची शेजारीण, नीलिमा. माझं काम घरून चालतं आणि पुष्कर आणि त्याची बायको कृतिका यांना शनिवारीही ऑफिस सुटत नाही, त्यामुळे काकांना लायब्ररीत नेण्याआणण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाही. माणूस गोड होता आणि गाडीत रेडिओ लावावा लागत नसे.

लायब्ररीने काढून टाकलेल्या पुस्तकांच्या सेलमध्ये त्यांना पहिलं पुस्तक मिळालं आणि मग व्यसनच लागलं. बेसमेंटमधलं एक कपाट भरलं. त्यांना अमेरिकेचा एवढा पुळका का, हे मला बरेच दिवस कळेना. मग एकदा त्यांनीच सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी तिथे फॉल रिव्हरच्या गिरण्यांमधली पोरं खेळायची, बेथलेहेमला पोलादाच्या कारखान्याची टीम होती. "आमच्यासारखेच. दिवसा पाळी, संध्याकाळी मैदान. कंपनीचे दिवस फिरले की टीम खलास." आपली गिरणी बंद पडली त्यावर कोणी ओळभर लिहिलं नाही, ती ओळ ते दुसऱ्यांच्या इतिहासात शोधत होते.

नात ऊर्मी त्यांचा जीव की प्राण. तिला ते १९५०ची गोष्ट सांगायचे, अमेरिकेने ब्राझीलमध्ये इंग्लंडला हरवलं त्या मॅचची. एकच गोल झाला आणि तोही डोक्याने. मारणारा हैतीचा पोरगा, न्यूयॉर्कात भांडी विसळून शिकणारा. ऊर्मी दर वेळी विचारायची, "अँड देन?" दर वेळी काका तिथेच थांबायचे. पुढचं मला गाडीत सांगितलं होतं: तो मायदेशी परतला, आणि एक दिवस काही माणसं त्याला घेऊन गेली. पुन्हा कोणाला दिसला नाही.

गोष्ट संपली की आजोबा आणि नात बॅकयार्डमध्ये. "कपाळाने घे! डोळे मिटू नको!" असा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पाठोपाठ चेंडूचा धप्प असा आवाज, आणि ऊर्मीचं हसू. तेव्हा तो आवाज मला आवडायचा.

२०१६च्या पानगळीत एका शनिवारी काका लायब्ररीतून निघाले आणि पार्किंगमध्ये भलत्याच लाल गाडीचं दार ओढत उभे राहिले. माझी गाडी पांढरी. मी हसण्यावारी नेलं, तेही हसले. पण पुढच्या शनिवारी मांडीवर पुस्तक उघडं ठेवून त्यांनी घर येईपर्यंत पान उलटलं नाही.

"यातला हा सेंटर हाफ," ते म्हणाले. "याच्या हेडरचं, डोक्याने चेंडू मारण्याचं, कौतुक पानंच्या पानं केलंय. म्हातारपणी बायकोला ओळखेना झाला. ते दोन ओळीत उरकलं."

"वयानं होतं काका."

"हो ना. एकाच पुस्तकात असतं तर मीही तेच म्हटलं असतं." त्यांनी कपाळावर, केस सुरू होतात तिथे, बोटं टेकवली. "आमचा चेंडू चामड्याचा होता. ओला झाला की दगड. आणि आता अमेरिकावाले लहान पोरांना हेडर मारू देत नाहीत, वाचलं का? जे लोक बंदुकीवर बंदी घालत नाहीत, ते यावर घालून राहिले. उगाच?"

ती लाल गाडी आता अजिबात हसण्यासारखी राहिली नव्हती.

त्यानंतर बॅकयार्डमधला आवाज बंद झाला. टीमच्या सरावातही ऊर्मीला हेडर मारू देऊ नको, असं काकांनी मुलाला सांगितलं. पुष्कर माणूस वाईट नाही, पण पुस्तकातलं वाक्य आणि बापाचं वाक्य या दोन्हींवर त्याचा विश्वास नाही. "बाबा, कोच सर्टिफाइड आहे. ऊर्मीला रेप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे निवडक मुलींच्या टीममध्ये जायचंय. हेडर स्ट्रॉंग नसेल तर सिलेक्ट कोण करणार?" डॉक्टरांनी काकांना तपासलं. विस्मरणाचा आजार सुरू झालाय म्हणाले, कशाने ते सांगता येणार नाही म्हणाले. पुष्करने त्यातलं 'सांगता येणार नाही' तेवढंच घट्ट धरून ठेवलं. मला त्याचा असा राग आला होता की त्या दिवाळीला मी त्यांच्याकडे फराळाचं ताट नेलं ते नुसतं दारातच दिलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याला डबीरांकडे सरस्वतीपूजन होतं. पाटावर काकांनी सॉकरची सगळी पुस्तकं रचली. मग ऊर्मीच्या खोलीतून तिचा चेंडू आणला, पुस्तकांवर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. सगळ्यांना कौतुक वाटलं, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी कृतिका अक्षता वाहून पूजा हलवायला गेली तर काका पाटाशी मांडी घालून बसलेले.

"उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावायचा नाही."

"तीच करतेय बाबा."

"आज नाही."

आज नाही, उद्याही नाही. आठवडा गेला, दिवाळी गेली, बर्फ पडायला लागलं. फूल वाळून चुरा झालं, चेंडूवरचं कुंकू काळपट पडलं आणि काका रोज सकाळी पाटापाशी येऊन बसत राहिले. चहा घेतला की नाही ते त्यांना आठवत नसे. चेंडू जागेवर आहे की नाही ते मात्र आठवायचं.

"नीलिमाताई, बघा ना," पुष्कर रडकुंडीला येऊन म्हणाला. "ही इज नॉट हिमसेल्फ. चेंडू पूजेला लावून बसलेत."

"अरे, घरात शहाणपणाचं तेवढं एकच काम चाललंय," मी म्हणाले. "बाप जन्मभर कसली पूजाअर्चा करत नव्हता. आता का करतोय, विचार कर."

त्याने विचार केला नाही. दुकानातून नवा चेंडू आणला. हिवाळाभर ऊर्मी तो गराजच्या भिंतीवर डोक्याने मारत होती. धप्प. धप्प. भिंतीच्या अलीकडे पाटाशी बसलेले काका प्रत्येक आवाजाला मान खाली घालायचे. हळूहळू त्यांचं बोलणं आटलं. मार्चपर्यंत मी त्यांना 'गाडीवाली बाई' झाले होते. माझं जाऊ द्या, पण ऊर्मी समोर आली की ते परक्या पोरीकडे बघावं तसं अदबीने हसायचे. ती खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

मे महिन्यात ट्रायआउटची, त्या टीमच्या निवडीची मॅच होती. कृतिका म्हणाली काकांनाही नेऊ, जरा हवा लागेल. मी त्यांना गोलजवळच्या रेषेपाशी घडीच्या खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल टाकली. ते गवताकडे बघत होते.

ऊर्मीच्या बाजूला कॉर्नर मिळाला, चेंडू मैदानाच्या कोपऱ्यात ठेवला गेला. ऊर्मी गोलसमोर उभी राहिली. कोचने हाताने स्वतःच्या कपाळाकडे खूण केली, हा तुझा. चेंडू उडाला, उंच, वळत आत आला. माझ्या शेजारची खुर्ची उलटली. शाल जमिनीवर पडली, आणि चालताना भिंतीचा आधार घेणारा तो म्हातारा पळत आत घुसला, ऊर्मीच्या पुढे झाला, आणि चेंडू स्वतःच्या कपाळावर घेऊन त्याने पार बाहेर फेकला. टाळक्या डबीर. मैदानात हशा पिकला, कोणी टाळ्या वाजवल्या. पुष्करने तोंड झाकून घेतलं. मी धावले.

काका डोलत उभे होते. कपाळ लाल झालं होतं. एक हात त्यांनी ऊर्मीच्या डोक्यावर ठेवला होता, पाऊस लागू नये म्हणून ठेवतात तसा.

"तू नको घेऊ पोरी," ते म्हणाले. मग तिच्याकडे नीट बघितलं. "कोणाची गं तू?"

जन्मात आजोबांना इंग्रजीशिवाय उत्तर न दिलेली ती मुलगी म्हणाली, "तुमची."

मी काकांना धरून रेषेबाहेर आणलं. कोच ओरडला, "टेक इट अगेन!" चेंडू पुन्हा कोपऱ्यात ठेवला गेला. पुन्हा उडाला, तसाच, थेट तिच्यावर. पुष्कर ओरडला, "गो, ऊर्मी!" ती जागची हलली नाही. चेंडू तिच्या डोक्यावरून पलीकडे गेला. कोचने हातातल्या कागदावर काहीतरी खोडलं.

ऊर्मीने वळून आमच्याकडे पाहिलं. काका टाळ्या वाजवत होते. कोणासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं.