अर्धा कोयता

कानिफनाथ पाथर्डीकडचा, ऊसतोड्याचं पोर. तो लहान असताना त्याची बहीण गावाकडं आजीजवळ तापानं गेली, तेव्हा आई-बाप कुठल्या फडात ऊस तोडतायत हे कारखान्यात कुणालाच सांगता आलं नव्हतं. दोघं पोचले ते थेट राखेजवळ. पुढं या पोरानं जे केलं ते हट्टानं केलं. कॉम्प्युटर शिकला, बागायती पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात चिकटला आणि गावाकडून निरोप आल्यावर आपलं माणूस आज कुठल्या फडात आहे, ते सांगणारी सोय त्यानं तयार केली.

सोय झाली, पण चालायची रडतखडत. एका नावासाठी मजूर, जोडीदार, टोळी, गाडी आणि फड असे पाच तक्ते एकमेकांना जोडावे लागत. ऐन हंगामात पडदा नुसता गरगरत राही आणि पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवून देई. कानिफनाथनं त्यातच डोकं घातलं. ज्या रकान्यांवरून शोध घ्यायचा त्यांना इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या खुणा, लावले. सगळा हंगाम उपसण्याऐवजी आधी आजचे फड वेगळे काढले आणि मग त्यांना माणसं जोडली. शेवटी जोडीदाराच्या तक्त्यापाशी घोडं अडलं. जोडीदार असो वा नसो, माणूस दाखवायचा, अशी जुनी अट होती. त्यानं ती बदलून जोडी जुळली तरच दाखवायचा, अशी केली. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. उत्तर क्षणात यायला लागलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि पठ्ठ्या हवेत गेला.

टोळीत एकटं माणूसही घेतात, त्याला अर्धा कोयता म्हणतात. हे परक्याला ठाऊक नसतं तर एक वेळ चाललं असतं. कानिफनाथला ठाऊक होतं आणि तरी आठवलं नाही, राग येतो तो याचाच.

चांगुणा विधवा, म्हणजे अर्धा कोयता. तिचा मोबाईल बिघडलेला, टोळीच्या मुकादमाचा लागत नव्हता. तिच्या दिरानं, बिभीषणनं, सकाळीच कारखान्यात फोन केला. तिची पोरगी मोनिका दवाखान्यात होती आणि सारखी आईला हाक मारत होती. कारखान्यात फोन घेणाऱ्या ज्ञानेश्वरीनं नाव टाकलं, पडद्यावर लगेच 'नाव नाही' असं उमटलं आणि तिनं सांगून टाकलं,

"या नावाचं आपल्याकडं कुणी न्हाई वो. दुसऱ्या कारखान्यात बघा."

बिचारा दिवसभर बाकीच्या कारखान्यांना फोन लावत बसला. दुसऱ्या दिवशी, सगळीकडून नकार मिळाल्यावर, त्याचा परत फोन आला, तेव्हा पोरगी गेलेली होती. तो एवढंच म्हणाला, "तिला आता सांगायचं कुनी?"

ज्ञानेश्वरीनं हे सांगितल्यावर कानिफनाथनं नुसता मजुरांचा तक्ता उघडून पाहिला. चांगुणाचं नाव होतं, जोडीदार मात्र नव्हता. टोळीवरून त्यानं तिचा फड शोधला. तो स्वतः गाडीवर फडात गेला आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं.

तिनं हंबरडा फोडला नाही. हातातला कोयता खाली ठेवला.

"आता निघाले तर तोंड दिसंल का?"

"न्हाई मावशी. काल सांच्यालाच उरकलं. काल सकाळी फोन आल्ता, पर तुमचं नाव दिसलं न्हाई."

"नाव तर मी लिवून दिल्तं की."

"दिल्तं. मीच काढून टाकलं."



"का रं बाबा? माझ्या पोरीनं काय केलं हुतं तुझं?"