पंचवीस पावलांच्या आत

माझा उजवा खांदा कामातून गेला तेव्हा मी छप्पन्न वर्षांची होते. पडले नाही, आपटले नाही. शनिवारी सकाळी मैदानावर नेहमीसारखी धनुष्याची दोरी ओढली आणि हात गालापर्यंत यायच्या आतच खांद्यात काहीतरी सटकलं. बाण निसटून दहा पावलांवर गवतात पडला. सिंगापूरमधल्या मरीन परेडला आमच्या घरी परत येताना बसमध्ये दांडी धरायला तो हात वर होईना.

डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, स्नायू अर्धा फाटलाय. ऑपरेशन नको असेल तर व्यायाम करा, पण धनुष्य विसरा.

"कायमचं?" मी विचारलं.

"घरात स्वयंपाक तरी करता यायला हवा ना?" ते म्हणाले. मला राग आला. आमच्याकडे स्वयंपाक नवराच जास्त करतो.

धनुष्य मी पंचेचाळिसाव्या वर्षी हातात घेतलं होतं. हार्बरफ्रंटला, जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरी करत होते. दिवसभर खलाशांचे पासपोर्ट, मेडिकल आणि विमानाची तिकिटं. पाठ आखडली म्हणून एका सहकाऱ्याने मला तिरंदाजीच्या मैदानावर नेलं. तिथे एका कोपऱ्यात एक चिनी गृहस्थ साधं लाकडी धनुष्य घेऊन उभे होते. बाकीच्यांच्या धनुष्यांना चाकं, काठ्या, नेम धरायच्या खुणा. यांच्याकडे यातलं काहीच नाही. जहाजदुरुस्तीच्या गोदीत सुतारकाम करून ते निवृत्त झाले होते आणि सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये बांबू तासून स्वतःची धनुष्यं स्वतः बनवायचे. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांनीच मला शिकवलं. डोळे लक्ष्यावर ठेवायचे, बाणाकडे बघायचं नाही, बाकीचं हाताला कळतं. हाताला कळायला मला तीन वर्षं लागली.

दर वर्षी एप्रिलमध्ये अंकल दोघा-तिघांना घेऊन न्यूझीलंडला जायचे. तिथे त्यांच्या ओळखीच्या एका बाईंचं डोंगरउतारावर मेंढ्यांचं फार्म होतं. तिथल्या रानबकऱ्या मेंढ्यांचा चारा खाऊन टाकतात, त्यामुळे त्या मारलेल्या बाईंना हव्याच असायच्या. मी पहिल्या वर्षी गेले आणि रिकाम्या हाताने आले. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी अठरा पावलांवरून एक बोकड मिळाला. फोटो बघून नवरा म्हणाला, "तू मारलास? आणि सोललासही?"

"आपण लिटल इंडियातून मटण आणतो, ते काय आपोआप मरतं का हो?"

"तसं नाही गं. तू झुरळ मारायला मला हाक मारतेस, म्हणून म्हटलं."

खांदा गेला त्यानंतर आठ महिने मी मैदानावर फिरकले नाही. फिजिओकडे रबराची पट्टी ओढायची आणि घरी यायचं. मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आई, पिक अनदर हॉबी, लाह. सो मेनी थिंग्ज गॉट." मी पॉटरीच्या वर्गाला दोनदा गेले. दोन्ही वेळा बशी करायला घेतली आणि वाडगा झाला.

मग फार्मवाल्या बाईंचा ईमेल आला. त्या सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी लिहिलं होतं, खांद्याचं कळलं. माझी तर दोन्ही मनगटं संधिवाताने गेली आहेत, म्हणून मी क्रॉसबो, ते बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, वापरते. पायाने दाबून धरायचा, हँडल फिरवलं की दोरी आपोआप मागे येते, खांद्याला ताण नाही. या वर्षी ये आणि माझा वापरून बघ.

सिंगापूरमध्ये क्रॉसबो असा घरात आणून ठेवता येत नाही, त्यामुळे आधी सराव करायचा प्रश्नच नव्हता. मी अंकलना हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, कॉफीला भेटले आणि सांगितलं.

"दॅट वन मशीन, लाह," ते म्हणाले. "दुर्बिणीतून बघायचं आणि ट्रिगर दाबायचा. बंदूकच ती. त्यात तिरंदाजी कुठे आहे?"

"मग मी काय करू अंकल? घरी बसू?"

"बस. माझा खांदा गेला तर मी बसेन."

मला ते लागलं. तिकीट मी त्याच संध्याकाळी काढलं. हे २०१५ साल असावं. विमानात आमच्या जागा शेजारी-शेजारी होत्या. अंकलनी जेवणाच्या ट्रेमधला ब्रेड मला दिला, पण क्रॉसबोचा विषय काढला नाही.

फार्मवर पहिल्या दिवशी बाईंनी मला गवताच्या गठ्ठ्यासमोर उभं केलं. पुढच्या कडीत पाय, डाव्या हाताने हँडल, कर्रकर्र करत दोरी मागे. मग आखूड बाण खाचेत ठेवायचा आणि दुर्बिणीतून बघायचं. तीस पावलांवरून मी तीन बाण मारले. तिन्ही एकमेकांना चिकटून बसले. दहा वर्षांत लाकडी धनुष्याने मला हे एकदाही जमलं नव्हतं. आनंद झाला आणि जरा अपमानही वाटला. मग चाळीस, मग पन्नास. सगळे बाण गठ्ठ्यातच. बाई म्हणाल्या, "गठ्ठा हलत नाही, हे लक्षात ठेव." मी हो म्हटलं, पण माझं लक्ष गठ्ठ्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंकल आणि मी एकाच दरीत गेलो. ते वरच्या अंगाला, मी खाली. नऊच्या सुमाराला समोरच्या उतारावर चार बकऱ्या आल्या. पन्नास पावलं असतील. हातात धनुष्य असतं तर मी पोटावर सरपटत निघाले असते आणि बहुतेक वेळा होतं तसं त्या पळून गेल्या असत्या. पण दुर्बिणीत बकरी हाताच्या अंतरावर दिसत होती. मी बसल्या जागेवरून ट्रिगर दाबला.

क्रॉसबोचा आवाज धनुष्यापेक्षा खूप मोठा असतो. बाण पोचायच्या आत बकरीने ऐकलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. बाण बरगड्यांच्या मागे, पोटात लागला. ती ओरडली आणि झुडपांत शिरली.

अंकल वरून उतरून आले. मी बोट दाखवलं तिथे वाकून त्यांनी एक पान उचललं. त्यावर रक्त थोडंसंच होतं आणि हिरवट चिकट काहीतरी. "पोट," ते म्हणाले. "आता तास-दीड तास बसायचं. लगेच मागे गेलं तर ती पळत राहील." आम्ही बसलो. त्यांनी बिस्किटं काढली. मी माझी खिशात टाकली.

मग तीन तास आम्ही तिच्या मागावर होतो. फर्न, चिखल आणि एक पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, ज्याने माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले. अंकल पुढे, एकेका थेंबावर बोट ठेवत. दोनदा माग हरवला. दोन्ही वेळा त्यांनी मागे जाऊन शेवटच्या थेंबापासून पुन्हा सुरुवात केली. शेवटी ती एका ओढ्यात सापडली. बसलेली, मान वर, जिवंत.

"तुझी आहे. तू कर," अंकल म्हणाले.

मी हँडल फिरवायला लागले. त्या कर्रकर्र आवाजाने ती माझ्याकडे वळून बघायला लागली. बाण खाचेत नीट बसेना. अंकलनी मदत केली नाही. दहा पावलांवरून मी दुसरा बाण मारला आणि ती लगेच गेली. मग मी ओढ्याच्या काठावर बसून रडले. अंकल तोवर सुरीला धार लावत होते.

सोलून झाल्यावर हात धुताना मी म्हटलं, "तुमचं बरोबर होतं. मशीनच आहे ते."

"मशीनचं काही नाही," ते म्हणाले. "हातात धनुष्य असतं तर तू तिथून मारलं असतंस?"

"नाही."

"मग आता का मारलंस?"

माझ्याकडे उत्तर होतं, दिसत होती म्हणून, पण ते बोलायची लाज वाटली.

त्या रात्री मी ठरवलं की पंचवीस पावलांच्या आत आल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. क्रॉसबो लांब मारतो म्हणून मी लांबून मारायचं, हे मला पटणार नव्हतं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझे गुडघे मला तेवढं जवळ जाऊ देत नाहीत, तुझे देतात तोवर जा. पुढच्या वर्षी नियम पाळला आणि पाच दिवसांत एकही बाण सोडला नाही. दोनदा तीस पावलांवर बोकड उभा होता. एकदा तर तो माझ्याकडे बघत रवंथ करत बसला.

धनुष्याची मजा क्रॉसबोत नाही, हे मी आजही म्हणेन. दोरी ओढताना पाठीत जो ताण यायचा, बाण सुटल्यावर डाव्या हातात लाकूड जे थरारायचं, ते यात काही नाही. पण उरलेलं सगळं आहे. पहाटेचं दव, वारा कुठून येतोय ते बघणं, अर्ध्या तासात वीस फूट सरकणं. माझ्या लक्षात आलं की मी एवढी वर्षं जात होते ती बरीचशी त्यासाठीच.

त्याच्याही पुढच्या वर्षी अंकलचे गुडघे दुखत होते, ते फार्मवरच्या घराजवळच राहिले. मी एकटीच वर गेले. चौथ्या दिवशी दुपारी वारा फिरला आणि मी एका बकरीच्या अगदी जवळ पोचले. एकच बाण लागला आणि ती चार ढांगांत पडली. संध्याकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात मी घरून नेलेला काळा मसाला घालून रस्सा केला. बाईंनी दोन घास खाऊन पाण्याचा अख्खा ग्लास संपवला.

अंकलनी विचारलं, "किती पावलं?"

"बावीस. परत येताना मोजली."

पातेलं पुढे ओढून त्यांनी आणखी दोन तुकडे वाढून घेतले आणि बाईंना विचारलं, भात उरलाय का.